सरकारी अन्नदान

कोल्हारच्या अलीकडे, मनमाड रस्त्याला लागून आमचं अनुरक्षणगृह आहे. शिक्षा भोगून तुरुंगातून सुटलेल्या, पण घेऊन जायला कोणी नसलेल्या माणसांनी तिथे यायचं, लागतील तितके दिवस राहायचं, हाताला काम शिकायचं आणि सावरलं की निघून जायचं, अशी ती जागा. ती सुरू झाली तेव्हा मी संस्थेचा पगारी सचिव होतो आणि पुढेही तिथेच राहिलो. त्यामुळे अधूनमधून कोणी तरी शाल-नारळ घेऊन येतं आणि विचारतं, या कामाची प्रेरणा कुठून मिळाली? मी म्हणतो, "कर्तव्य म्हणून केलं." मग टाळ्या होतात. आता पन्नाशीच्या आसपास आलो, आणि त्या टाळ्या सोसेनाशा झाल्या आहेत.

खरं असं आहे, की ते घर मला हवं होतं ते माझ्या बापाला माझ्या घरी न्यावं लागू नये म्हणून.

मी शाळेत होतो तेव्हा आमच्या तिसगावकडच्या शेताच्या बांधावरून भांडण झालं. समोर आबांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा, चुलतभाऊ होता आणि आबांच्या हातात कुदळीचा दांडा. एकच फटका बसला आणि तो माणूस परत उठला नाही. आबांना जन्मठेप झाली. आई त्यानंतर फार जगली नाही. मामाने मला नगरला आणून शिकवलं, मोठं केलं. लग्नाची बोलणी झाली तेव्हा मुलीकडच्यांनी विचारलं, "मुलाचे वडील?" मामा म्हणाला, "नाहीत." मी शेजारीच बसलो होतो, हातात पोह्यांची बशी. मी पोहे खाल्ले.

तेवढ्यावर भागलं असतं. पण बायको निघाली मनापासून संसार करणारी. लग्नानंतर पहिला भादवा आला तशी म्हणाली, "अहो, मामंजींची तिथी कोणती?"

मी कुठली तिथी सांगणार? म्हणालो, "आठवत नाही."

"मग सर्वपित्रीला करू."

तिने उडदाचे वडे केले, खीर, कढी, भोपळ्याची भाजी, गवारीची भाजी. पान वाढून गच्चीच्या कठड्यावर ठेवलं. कावळा आला, मान वाकडी करून पानाकडे बघत बसला आणि उडून गेला. दुसरा आला, तोही गेला. "काही तरी इच्छा राहिली असेल हो त्यांची," ती हळूच म्हणाली. "मनातल्या मनात बोला त्यांच्याशी." मी हात जोडून उभा राहिलो. जिवंत माणसाशी मनातल्या मनात काय बोलायचं? उन्हं कलल्यावर कधी तरी कावळा शिवायचा आणि मी सुटायचो. पुढच्या वर्षी हेच, त्याच्या पुढच्या वर्षी हेच. भाज्यासुद्धा त्याच.

शिक्षेतली माफी धरून आबांची सुटायची वेळ जवळ आली होती. त्याच सुमारास नगरचे एक निवृत्त वकील सुटलेल्या कैद्यांसाठी संस्था काढताहेत असं कानावर आलं. मी दुसऱ्याच दिवशी त्यांच्याकडे गेलो आणि नोकरी मागितली. वकीलसाहेबांना भरून आलं. "इतक्या तरुण वयात ही तळमळ!" म्हणाले. तळमळ होती हे खरं.

कोल्हारजवळची एक जुनी पत्र्याची वखार वकीलसाहेबांच्या मालकीची होती, तिथेच सुरुवात केली. पाच जण आले. केकताडाची, म्हणजे घायपाताची, पानं कुटून त्याचे दोर वळायचे आणि बाजारात विकायचे, असं काम लावलं. सहाव्याला आणायला मी स्वतः पुण्याला गेलो.

तुरुंगाच्या दारातून आबा बाहेर आले ते मला आधी ओळखूच आले नाहीत. एसटीत शेजारी बसल्यावर बऱ्याच वेळाने त्यांनी विचारलं, "घरी कोन कोन हाय?"

"बायको."

"तिला ठावं हाय?"

मी खिडकीबाहेर बघत राहिलो.

"काय सांगितलंस? मेलो म्हनून?"

मी मान डोलावली.

"बरं केलंस," आबा म्हणाले. "चांगलं घर मिळालं आसंल." आणि वखारीत पाऊल टाकल्यापासून इतरांसारखे तेही मला साहेब म्हणायला लागले. वकीलसाहेबांना मी सांगितलं, याचं जगात कोणी नाही.

संस्थेकडे पैसा नव्हता. सरकारी खात्याचं अनुदान मिळालं तर घर टिकणार होतं, नाही तर मार्चअखेर वखारीला कुलूप. बाकीचे पाच जण कुठे गेले असते कोण जाणे. सहावा माझ्या दारात आला असता आणि बायकोने विचारलं असतं, हे कोण? मी रात्रंदिवस राबत होतो तो या प्रश्नाच्या भीतीने.

अनुदानाला अटी दोन होत्या. घेऊन जायला कोणी नाही अशांनाच तिथे ठेवायचं, ही एक. आणि खात्याच्या उपसंचालक बाई येतील तेव्हा त्यांच्यासमोर भरसभेत गावाने संमती द्यायची, ही दुसरी. घोडं अडलं होतं ते या दुसऱ्या अटीवर. गावाने वखारीकडे पाठ फिरवली होती. गावचे पाटील तर रस्त्यात गाठून बोलायचे, "साहेब, तुमची ही मंडळी शिंगनापूरला न्या की. तितं घरांना दारंच न्हाईत. लई सोय होईल त्यांची!" आणि पारावरचे लोक खो खो हसायचे. आधी दोन सभा बोलावल्या होत्या. दोन्हींना वकीलसाहेब, मी आणि शाळेचे एक गुरुजी. गुरुजीही सावलीला आले होते.

म्हणून या खेपेला दवंडी द्यायचं ठरलं. आदल्या दिवशी मी गावच्या कोतवालाला नीट सांगितलं: उद्या वखारीवर सरकारी अनुदानाची सभा आहे, सगळ्यांनी यावं. त्याने मान डोलावली, डफ काखेत मारला आणि गेला. मी संध्याकाळच्या गाडीने नगरला आलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी वखारीवर पोचतो तर पुढच्या मैदानात पंगत बसलेली. सांगतो ते अक्षरशः खरं आहे. बायामाणसं, पोरं, म्हातारेकोतारे, प्रत्येकापुढे थाळी, कुणापुढे जर्मनचं ताट, कुणापुढे नुसता डबा. ते दुष्काळाचं साल होतं. पूर्वेकडच्या कोरड्या गावांतली माणसं आमच्या रस्त्यावर खडी फोडायला आली होती आणि त्या दिवशी बाजारामुळे कामाला सुट्टी होती. तीही सगळी आलेली. वकीलसाहेब दारात घाम पुसत उभे होते आणि कोतवाल त्यांच्यापुढे तावातावाने बोलत होता.

"तुमी सांगितलं तेच म्हनलो की! उद्याच्याला वखारीवर सरकारी अन्नदान हाय होऽऽ!"

"अरे, अनुदान! अ-नु-दान!"

"तेच की. अनु म्हंजी अन्नच नव्हं?"

"अनुदान म्हणजे सरकार आपल्याला देणार, बाबा."

"मंग? सरकार देनार, आमी खानार. चुकलं कुटं?"

वकीलसाहेबांनी माझ्याकडे वळून हात जोडले. "जा, सांगा त्यांना. चूक झाली म्हणावं, घरी जा. बाई तासा-दोन तासांत येतील, त्यांनी हे पाहिलं तर संपलंच."

मी पुढे झालो. घसा साफ केला. तेवढ्यात मागून आवाज आला, "साहेब."

आबा होते. हाताला केकताडाचे तंतू चिकटलेले.

"पानावर बसलेल्या मानसाला उटवू नका," ते म्हणाले.

"मग पानात वाढायचं काय? खात्याचे नियम?" वकीलसाहेब म्हणाले.

"महिन्याचा शिधा आला हाय न्हवं का? मिलोचं पीठ हाय, डाळ हाय."

"तो संपला तर उद्या तुम्ही सहा जण काय खाणार?"

"बाई न्हाई म्हनल्या तर उद्या आमी आसनार कुटं, साहेब?"

वकीलसाहेबांनी शिध्याच्या खोलीची किल्ली काढून दिली. सगळ्या हयातीत कोर्टात त्यांना असं कोणी गप्प केलं नसेल.

आबांनी तुरुंगात बरीच वर्षं भटारखान्यात काढली होती. शेकड्यांनी माणसं जेवू घालायची त्यांना सवय होती, अडचण फक्त भांड्याची होती. त्याच वेळी पाटील गंमत बघायला आले. बाईंसमोर विरोध नोंदवायचाच होता म्हणून डोक्याला कोरा फेटा बांधून आले होते. आबा सरळ त्यांच्यापुढे गेले.

"पाटील, औंदा ऊस न्हाई. गुऱ्हाळाची काहील मोकळीच आसंल तुमची."

"माझी काहील?" पाटील मागे सरले. "तुमच्या हातात द्यायची?"

पंगतीतून एक म्हातारी ओरडली, "आरं पाटला, दे की! काहील मागत्यात, पाटीलकी न्हाई मागत!"

सगळी पंगत हसली. पाटलांचं तोंड लाल झालं, पण थोड्या वेळाने बैलगाडीतून काहील आली. गुळाचा वास अजून तिच्या अंगाला होता.

त्यानंतर काय झालं ते मी आजही डोळे मिटून बघू शकतो. तीन दगडांवर काहील चढली. खाली बाभळीचे ओंडके पेटले. आमचे सहा जण असे कामाला लागले, की जणू वाटच बघत होते. दोघे पाणी आणत होते, एक मिरच्या कुटत होता, दोघे परातीत पीठ मळत होते. पण मिलो, ती दुष्काळात आलेली परदेशी लाल ज्वारी, तिची भाकरी थापताना चिरते. पुरुषांच्या हातात तर तिचे तुकडेच पडायला लागले. एक खडीवाली बाई कंबरेला पदर खोचून उठली. "व्हा बाजूला! आसं पीठ नासवलं तर सरकारनं तुमास्नी पुन्ना आत घातलं पायजे!" तिच्यामागे आणखी दोघी उठल्या, मग गावातल्या चार-पाच. पीठ पुरेना तसं कुणी घरून सूपभर आणलं, कुणी कांदे आणले. ज्या बाया महिनाभर वखारीवरून जाताना डोक्यावरचा पदर पुढे ओढत होत्या, त्या आमच्या माणसांना हुकूम सोडत होत्या: "ए दादा, जाळ सार! ए बाबा, तवा उचल!" आणि जन्मठेप भोगून आलेली माणसं 'व्हय बाई, व्हय बाई' करत पळत होती.

आबा काहिलीशी उभे. हातात वल्ह्याएवढा लाकडी हाटा. वाढायची वेळ आली तशी त्यांच्या तोंडून तुरुंगातलीच हाक निघाली, "जोडी धरा, जोडीऽऽ!" तिथे कैद्यांना जोडी-जोडीने बसवतात म्हणे. पंगत आधी गोंधळली. मग म्हातारे-म्हाताऱ्या हसत हसत जोडीने सरकून बसले. ज्यांना जोडी नव्हती त्यांची पोरांनी लावून दिली. पाटलांच्या जोडीला कोतवाल आला.

तेवढ्यात जीप आली.

उपसंचालक बाई खाली उतरल्या. पांढरं लुगडं, जाड चष्मा. मैदानभर बघून म्हणाल्या, "इथे लग्न आहे का?"

"सभा आहे," वकीलसाहेब म्हणाले. ते आता सावरले होते.

"सभा जेवतेय?"

"जेवता जेवता ठराव करतेय."

बाई हसल्या नाहीत. "मला कळवलं होतं की गावाचा विरोध आहे. पाटील कोण?"

पाटील पंगतीत मांडी घालून बसले होते. उठायला गेले, पण पुढे भरलेलं ताट होतं. "मी, बाई."

"तुमचा विरोध आहे?"

"व्हता."

"आणि आता?"

"आता तोंडात घास हाय, बाई."

बाईंनी चष्मा काढून पुसला. मग मोठ्याने विचारलं, "हे घर इथे राहावं असं कुणाकुणाला वाटतं? हात वर करा."

पंगतीत चुळबुळ झाली. कोणी तरी म्हणालं, "हात खरकटं हायेत, बाई."

"खरकटेच करा."

आणि हात वर झाले. डाळीने माखलेले, खडी फोडून सोललेले, बांगड्यांचे, सुरकुतलेले, पोरांचे दोन-दोन. पाटलांचाही होता. वकीलसाहेब तोंड फिरवून उभे राहिले आणि मी पाहिलं, त्यांचे खांदे हलत होते. जिंकलो होतो. मला आठवतं, माझ्या मनात पहिला विचार आला तो हा, की चला, आता आबांची इथेच कायमची सोय झाली. एवढ्या हातांसमोर उभं राहून मी हा विचार केला.

मग बाई पहिल्या अटीकडे वळल्या. एकेकाला पुढे बोलावून विचारायला लागल्या. घरी कोण आहे? नेणारं कोणी आहे का? पाचही जणांची उत्तरं झाली. शेवटी त्या काहिलीपाशी गेल्या.

"जेवण तुम्ही केलंत?"

"व्हय."

"घरी कोण आहे तुमच्या?"

"कोनी न्हाई."

"बायको?"

"वारली."

"मूलबाळ?"

आबा काहिलीचा तळ खरवडायला लागले. "येक ल्योक व्हता," ते म्हणाले. "गेला."

बाईंचा आवाज उतरला. "केव्हा?"

आबा तळ खरवडत राहिले. मी हाताच्या अंतरावर उभा होतो. एकदाही त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. माझा संसार मोडू नये म्हणून या माणसाने भरल्या मैदानात मला मारून टाकलं होतं, आणि वर त्या मरणाचं दुःख तोंडावर आणून उभा होता. तीन वर्षं मी त्यांच्या नावाने पान वाढत होतो. माझ्या नावाने वाढायला त्यांच्याकडे नुसतं काहिलीच्या बुडाला लागलेलं होतं.

"गेला नाही," मी म्हणालो.

बाई वळल्या. "काय?"

"त्यांचा मुलगा गेलेला नाही. मी आहे. हे माझे वडील आहेत."

पंगतीतलं बोलणं थांबलं. वकीलसाहेबांच्या हातातली काठी खाली पडली. आबांनी हाटा घट्ट धरला आणि पुटपुटले, "साहेबांचं काय तरी चुकतंय..."

"चुकत नाही, आबा," मी म्हणालो. इतकी वर्षं तोंडात अडकलेला शब्द इतक्या सहज बाहेर आला, की मीच चपापलो.

बाई मला म्हणाल्या, "मग नियमाप्रमाणे यांना इथे जागा देता येणार नाही."

"नको. मी घरी नेतो."

"शिफारस पाच जणांची करते," त्या म्हणाल्या. मग कडक आवाजातच पुढे, "आणि मला ताट वाढा. सकाळपासून प्रवासात आहे."

पंगतीत पुन्हा आवाज उठला तो एकदम, धरण फुटल्यासारखा. कोतवाल डफ बडवायला लागला. पाटील हात धुऊन आले आणि वकीलसाहेबांना म्हणाले, "आज तुमचा येक कैदी सुटला बगा."

"कोण, म्हातारा?"

"त्यो कवाच सुटलाय वो. ह्यो!" आणि माझ्या पाठीत असा धपाटा घातला, की मी काहिलीत पडायचा राहिलो.

परतीच्या एसटीत आबा रागावले होते. "कशापायी बोललास रं? आं? घर मोडशील!" पण मला त्यातलं 'रं' तेवढं ऐकू येत होतं. महिनाभर ज्याने मला साहेब म्हटलं होतं तो मला अरे-तुरे करत होता आणि मी रागावून घेत होतो.

दिवेलागणीला घरी पोचलो. बायकोने दार उघडलं. आबा उंबऱ्याबाहेरच थांबले. कुणी 'चला आत' म्हटल्याशिवाय दारातून जायची सवयच गेली होती त्यांची.

"हे माझे वडील," मी म्हणालो.

तिने त्यांच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "वडील तर..."

"मामा 'नाहीत' म्हणाला होता. मी गप्प बसलो. हे तुरुंगात होते."

"आणि मी तीन भादवे पान वाढतेय ते?"

"यांनाच."

ती तरातरा आत गेली. आबांनी गाठोडं उचललं आणि पायरी उतरायला वळले. पण ती परत आली, एका हातात पाण्याचा तांब्या आणि दुसऱ्या हातात भाकरीचा तुकडा. तिने भाकरतुकडा त्यांच्यावरून ओवाळून लांब रस्त्यावर फेकला, त्यांच्या पायावर पाणी घातलं आणि वाकून नमस्कार केला. "चला मामंजी, आत." माझ्याशी ती पुढे कित्येक दिवस बोलली नाही, ते मला मिळायलाच हवं होतं.

पाट मांडला. आबा बसले. सबंध दिवस दुसऱ्यांना वाढण्यात गेला होता, स्वतः काही खाल्लंच नव्हतं. आता त्यांनी पहिला घास मोडला आणि ती पळी घेऊन ताटाशी थबकली.

"मामंजी, तुम्हाला आवडतं काय? मला आजवर कोणी सांगितलंच नाही."

आबांना कितीतरी वर्षांत हा प्रश्न कोणी विचारला नसावा. ते विचारात पडले. "भरीत," शेवटी म्हणाले. "वांग्याचं. आन ठेचा."

"आणि गवार?"

आबांनी तोंड कसनुसं केलं. "गवार? लहानपनापास्नं न्हाई चालत मला. वासच न्हाई सोसत."

ती हातातली पळी तशीच धरून माझ्याकडे वळली. डोळ्यांत पाणी होतं आणि तोंडावर मात्र केस जिंकलेल्या वकिलासारखा भाव.

"तरीच!" ती म्हणाली. "तरीच मेला कावळा शिवायचा नाही!"

आबांना आधी काही कळलं नाही. मग कळलं. आणि आमच्या त्या दोन खोल्यांत, हातातला घास हातात ठेवून, माझा बाप खदखदून हसला.